बोटीवरचा रेनकोट

घिवलीकडे हा कोट घालून जाऊ नको, असं विकणाऱ्याने मला बजावून सांगितलं होतं, आणि मी तो घालून थेट घिवलीलाच गेलो.

मला आठवत नव्हतं असंही नाही. चांगलं आठवत होतं. एमआयडीसी मागे पडून रस्ता समुद्राकडे वळला तेव्हा तर त्याचा आवाजच कानात आला होता. पण पाऊस आडवा लागला होता, कोट काढायला आडोसा नव्हता, आणि एखादी गोष्ट करू नको म्हटलं की ती केल्याशिवाय हात स्वस्थ बसत नाहीत, हा माझा लहानपणापासूनचा आजार आहे.

मी बोईसरच्या एका लहान लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करतो. राहायला सालवडला, चाळीतल्या एका खोलीत. मूळ गाव मात्र माणदेशातलं. आमच्याकडे आभाळात ढग दिसला तर लोक पाहुणा आल्यासारखे अंगणात येऊन बघतात. त्यामुळे रेनकोट ही काय वस्तू असते, ती कशी पारखून घ्यायची, याचं ज्ञान आमच्या सात पिढ्यांत कुणालाच नव्हतं. ते मी एकट्याने, स्वतःच्या अंगावर मिळवलं.

पहिला रेनकोट स्टेशनजवळ घेतला. चंदेरी, पातळ, हाताच्या मुठीत मावणारा. मुठीत मावतो याचंच मला कौतुक. तिसऱ्या दिवशी मोटरसायकलला किक मारली आणि तो बैठकीत टरकन फाटला. सीटवर साचलेलं पाणी दिवसभर त्या फटीतून मला भेटत राहिलं. त्या दिवशी एका कारखान्यात कामगारांची तपासणी होती. मी मागून ओला, पुढून कोरडा. रांगेतला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "अरे, डॉक्टर साहब खुद ही डर गए।"

दुसरा घोंगड्यासारखा, डोक्यातून घालायचा. उभ्या माणसाला उत्तम. पण मोटरसायकलने वेग घेतला की त्यात वारा भरायचा. पास्थळच्या नाक्यावर तो पुढून उचलला गेला आणि माझ्याच तोंडावर बसला. मी आंधळ्यासारखा गाडी चालवत एका भाजीच्या हातगाडीत शिरलो. भाजीवालीने जे शब्द वापरले ते इथे देत नाही, पण ती माझ्या आईला ओळखत असावी असं वाटलं.

तिसरा महाग होता. दुकानदाराने कापडावर पाणी ओतून दाखवलं, पाणी मोत्यासारखं घरंगळलं. कापड खरंच पक्कं होतं. शिलाई पक्की नव्हती. सुईने जिथे जिथे भोक पाडलं होतं तिथून एकेक थेंब आत यायचा, आणि खांद्यावरून पोटापर्यंत शिवणीच्या रेषेने पाणी उतरायचं. सुईच्या भोकातून काय काय वाहू शकतं हे ज्याच्या पोटापाण्याचं काम, त्याच्या हे डोक्यात येऊ नये? नाही आलं.

म्हणून त्या पावसाळ्यात बोईसरच्या बाजाराच्या कडेला ताडपत्रीखाली तो कोट दिसला तेव्हा मी थांबलो. विकणारा समुद्रकाठचा वाटत होता. त्याच्यासमोर जुने गमबूट, जाळ्याला बांधायचे तरंगते बोये आणि हा कोट, एवढंच. नारिंगी रंगाचा, उडालेला, जाड, बोटीवर घालतात तसला. मी आधी सांधे बघितले. एवढं शिकलो होतो. सांधे शिवलेले नव्हते, तापवून चिकटवलेले होते. समोरच्या चेनवर बटणांची दुहेरी पट्टी होती. विकणाऱ्याने बाहीचं तोंड मुठीत आवळलं, वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि बाही धरून ठेवली. थेंब बाहेर आला नाही.

"दर्यावर चालतो," तो म्हणाला. "तुमचा रस्त्यावरचा पाऊस म्हनजे याला काय."

मी सवयीने किंमत अर्धी करून सांगितली. तो लगेच हो म्हणाला. घासाघीस नाही, तोंड वाकडं करणं नाही, माझ्याकडे बघणंसुद्धा नाही. शहाण्या माणसाला इथेच शंका आली असती. मला वाटलं, मी व्यवहारात तयार झालो.

कोट पिशवीत घालताना तो म्हणाला, "घिवलीकडं घालून जाऊ नको."

"का?"

"तिकडं नको." एवढंच. आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, जे तिथे नव्हतंच.

कोटाने अंग कोरडं ठेवलं, हे मान्य करायला हवं. छाती, पाठ, मांड्या कोरड्या. फक्त हात भिजायचे. ते का, हे कळायला मला आठवडा लागला. बोटीवर पाऊस वरून येतो आणि माणसाचे हात खाली, दोरीला असतात. मोटरसायकलवर पाऊस समोरून येतो आणि हात पुढे ताणलेले असतात. त्या ऐसपैस बाह्या वाऱ्याला तोंड उघडून बसायच्या आणि पाणी मनगटातून कोपरापर्यंत, कोपरातून काखेपर्यंत चढायचं. दर्यावरचा कोट रस्त्यावर माझा नळ झाला होता.

पण खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट खिळ्यावरची.

खोलीत आल्यावर मी कोट दारामागच्या खिळ्याला टांगायचो. दुसरे कपडे टांगले की लोंबतात. हा लोंबत नसे. त्याच्या कोपरांना कायमची घडी पडली होती. दोन्ही बाह्या वाकलेल्या, थोड्या पुढे आलेल्या, जणू कुणी दोरी ओढतंय आणि मध्येच थांबलंय. मी त्या सरळ करून ठेवायचो. थोड्या वेळाने बघावं तर पुन्हा वाकलेल्या. वाळत आला की तो आपोआप करकरायचा. पाणी निघून गेलं की जाड रबर आकसतं, इतकं विज्ञान मला येतं. तरी जेवताना मी त्याच्याकडे पाठ करून बसत नसे.

माझा खोलीतला सोबती गोरखपूरकडचा, कापडाच्या कारखान्यात कामाला. रात्रपाळी करून सकाळी झोपायला यायचा. तिसऱ्या सकाळी त्याने आपली वळकटी उचलून खिडकीखाली नेली.

"भैया, इसमें कोई है क्या?"

"रबर है।"

"रबर साँस लेता है?"

मी हसलो. तो हसला नाही. त्या दिवसापासून मी कोटाचं तोंड भिंतीकडे करून ठेवू लागलो, आणि त्यामुळे ते जास्तच वाईट दिसू लागलं. कुणीतरी रुसून भिंतीकडे बघत उभं आहे असं.

रस्त्यावरही काहीतरी होत होतं. नाक्यावर सकाळी माशांच्या पाट्या घेऊन बायका रिक्षाची वाट बघत उभ्या असतात. मी जवळून गेलो की त्यांचं बोलणं तुटायचं. एकदा स्कूटरवरचा एक माणूस मागून आला, माझ्या बरोबरीने आला, हाक मारायला तोंड उघडलं, हेल्मेटमधून माझा चेहरा बघितला आणि वेग कमी करून मागे राहिला. आरशात बराच वेळ तो तिथेच थांबलेला दिसत होता. मला वाटलं, कोट मला शोभतोय.

मग लॅबमधल्या ताईंनी घिवलीचा पत्ता दिला.

"एक म्हातारी आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, फक्त उजेड कळतो. ऑपरेशनचा नंबर लागलाय, पण साखरेचा रिपोर्ट हवाय. दोनदा माणूस रिकामा परत आलाय, हातच देत नाही. मुलगा आला की देईन म्हणते. उद्या रिपोर्ट गेला नाही तर नंबर दुसऱ्याला जाईल. मग ती राहिलीच तशी. आज काहीही कर, पण नळी भरून आण."

काहीही कर, हे शब्द माझ्यासारख्या माणसाला कुणी बोलू नयेत.

सकाळची वेळ, नमुना उपाशीपोटी घ्यायचा होता. अणुऊर्जा केंद्राची लांब भिंत संपली आणि वाऱ्याने गाडी एका बाजूला ढकलायला सुरुवात केली. मी हँडल उजवीकडे धरून ठेवत होतो आणि ते पुन्हा पुन्हा डावीकडे, गावाकडे जात होतं. वारा होता. तेव्हाही मला ठाऊक होतं की वारा आहे. किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांतल्या बोटी वर ओढून ताडपत्र्यांनी झाकल्या होत्या. एका ओट्यावर चार-पाच माणसं जाळं विणत बसली होती. मी पत्ता विचारायला गाडी थांबवली. एकाने जाळ्याची सुई हातात तशीच धरून समोरच्या घराकडे बोट दाखवलं, आणि मी अजून काहीच विचारलेलं नव्हतं.

दार एका बाईने उघडलं. तिशी-पस्तिशीची. तिने माझ्याकडे बघितलं नाही, कोटाकडे बघितलं. हातातली कळशी तिने इतक्या हळू खाली ठेवली की आवाज झाला नाही. आवाज कोटाचाच झाला, मी पाय उंबऱ्यावर ठेवताना. करकर.

आतून म्हातारीचा आवाज आला. "कोन? कोन आला?"

बाईने मला दंडाला धरून पडवीच्या कोपऱ्यात ओढलं. "दादा, हा कोट कुठनं आनला?"

मी सांगितलं. तिने डोळे मिटले. "विकणारा तो माझा चुलत दीर. घरात ठेवायला नको म्हनून मीच दिला त्याला विकायला. आई चाचपत फिरते, हाताला लागला असता." मग एका दमात, कुजबुजत तिने सगळं सांगितलं. कोट तिच्या नवऱ्याचा. तो गुजरातेत, वेरावळच्या बोटीवर कामाला होता. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात बंदरावरच त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. गाठोड्यातून कोट परत आला. सगळं तिकडेच उरकलं. म्हातारीचं हृदय नाजूक, धक्का बसेल असं काही सांगू नका म्हणून डॉक्टरने बजावलेलं. तेव्हापासून घरात एकच उत्तर होतं: वेरावळला आहे, काम आहे, येईल.

बोलताना तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाजत होत्या. माझं लक्ष गेलेलं तिला कळलं. "तिला ऐकू येतात म्हनून घालते," ती म्हणाली.

मला जे सुचलं ते कुठल्याही धडधाकट माणसाने केलं असतं: मी कोटाची बटणं काढायला लागलो.

"नका काढू!" ती म्हणाली. "तिनं आवाज ऐकलाय."

आतून पुन्हा, आता जवळून: "अगं बोल ना. त्याचाच कोट वाजला. आला का?"

सुनेला तिचं खोटं दोन वर्षं सांभाळून दमायला झालं होतं आणि मला नळी भरून न्यायची होती. ती हळूच म्हणाली, "आज ती हात देईल." आणि ज्या माणसाला तीन रेनकोट नीट घेता आले नव्हते, त्याने त्या क्षणी योजना आखली. मी म्हटलं, "मी लॅबवाला. आणि कोट म्हणजे तो, तिचा मुलगा."

कबूल करतो, ही कल्पना माझी होती. ती बाई शहाणी होती, फक्त थकलेली होती.

आम्ही आत गेलो. म्हातारी खाटेवर, भिंतीला टेकून, पायांवर गोधडी. चेहरा दाराकडे, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. मी करकरत चार पावलं टाकली, खाटेच्या डाव्या बाजूच्या स्टुलापाशी थांबलो आणि कोटातून अलगद बाहेर आलो. कोट स्टुलावर ठेवला. तो बसला. खरंच बसला: पाठ ताठ, कॉलर उभी, दोन्ही बाह्या कोपरात वाकलेल्या. त्यातली एक सुनेने म्हातारीच्या हाताजवळ सरकवली. मी पाय न वाजवता खाटेच्या उजव्या बाजूला गेलो, शर्टाच्या बाह्यांतून पाणी गाळत.

"आई, हे आलेत," सून म्हणाली. "आनि वाटेत लॅबवाला भेटला, त्यालाही घेऊन आलेत."

म्हातारीने बाही धरली. बोटांनी काठ चाचपला. "बोलत का नाय?"

"घसा बसलाय त्यांचा. दमलेत."

"एवढ्या पावसात गाडीवरनं आला?"

"हो."

मग म्हातारी बाहीशी बोलायला लागली. घोळ मासळी मिळाली का, बोटीचा तांडेल तोच आहे का, जेवायला कोण घालतं. प्रत्येक प्रश्नानंतर ती थांबायची, आणि प्रत्येक वेळी सून काहीतरी उत्तर द्यायची. मी बर्फाची पेटी उघडली, दंडाला पट्टा बांधला. म्हातारीने हात मुकाट्याने पुढे केला. लॅबच्या माणसाला दोनदा रिकाम्या हाताने परत पाठवणारा तो हात माझ्या तळव्यावर ठेवलेला होता. पहिल्यांदा शीर चुकली. मी सॉरी म्हणणार होतो, पण बोललो तर कोण बोललं हे तिला कळेल का, माझा आवाज स्टुलावरून येतोय असं वाटेल का, या हिशेबात माझी जीभच हरवली. समोर कोट बसलेला. पाणी ओघळून गेल्यावर तो वाळायला लागला होता, आणि मध्येच, कुणीही न हलवता, करकरला.

सून भिंतीला टेकली. मी दुसऱ्यांदा सुई लावली. शीर सापडली. नळी भरताना मी मान वर केली नाही, पण डोळ्यांच्या कडेने दिसत होतं: म्हातारीचा डावा हात बाहीच्या तोंडातून आत शिरत होता. मनगटापर्यंत. कोपरापर्यंत. तिथल्या घडीशी तो थांबला आणि तसाच आत राहिला, एखाद्याचा हात हातात धरून बसावं तसा.

मी सुई काढली, कापूस दाबला.

"बंदी लागली की बोटी वर काढतात," म्हातारी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सारे मरद घरी येतात. वेरावळचे येतात, मुंबईचे येतात. दोन पावसाळे गेले. कुनाचा पोरगा बंदीत दर्यावर राहतो? मी मासेवाली हाय, मास्तरीन नाय."

सून भिंतीपासून खाटेकडे सरकली.

"तू सांगशील म्हनून मी हात अडवून बसले होते. म्हटलं, ऑपरेशनसाठी तरी सांगतील. तू पन हट्टी. शेवटी हा कोट आला सांगायला." तिने हात बाहीतून काढला. "रिकामा हाय. मला दारातच कळलं. तो आत असता तर कोटाच्या आधी त्याचं तोंड घरात आलं असतं."

सून खाली बसली आणि दोन वर्षांचं रडू तिने ओच्यात तोंड खुपसून काढलं. म्हातारी रडली नाही. ती चाचपत सुनेच्या डोक्यापर्यंत पोहोचली. सुनेने बांगड्या उतरवायला घेतल्या, तो आवाज ऐकून म्हातारीने तिचं मनगट धरलं. "राहू दे हातात. बरं वाटतं ऐकायला. दोन वर्षं तू हसते का रडते ते मला दिसलं नाय. आता डोळे करून घेते. तुझं तोंड बघायचंय मला."

मी नळीवर चिठ्ठी लावली, नळी बर्फात ठेवली, पेटी बंद केली. माझं काम झालं होतं. कुठल्याही भल्या माणसाने आता निघून जायला हवं होतं. पण कोट स्टुलावर बसलेला, बाहेर पाऊस, आणि मला सालवडच्या खिळ्याची आठवण झाली. त्या खिळ्यावर तो पुन्हा टांगायची माझी छाती नव्हती. तो न्यावा की ठेवावा? पैसे तर मी मोजले होते, पण तो माझा होता असं तेव्हा मला अजिबात वाटत नव्हतं. काहीतरी मोठं, समजूतदार बोलावं म्हणून मी घसा साफ केला. तोंडून एवढंच आलं, "आजी, कोट ठेवून जाऊ का?"

म्हातारीने पहिल्यांदा तोंड माझ्या दिशेला वळवलं. खाटेच्या माझ्या बाजूची गोधडी तिने मुठीत पिळली, पाणी जमिनीवर पडलं.

"ठेव," ती म्हणाली. "तुझ्यापरीस तोच बरा. आत कोन नसताना पन नीट बसतो, आनि माझं अंथरून भिजवत नाय."